पाझरत्या खडकावरची वस्ती

चोपड्याहून उत्तरेला लासूर किंवा वैजापूरच्या बाजूला निघालं, की केळी आणि कापसाची शिवारं मागे पडतात आणि सातपुडा सुरू होतो. हा डोंगर बेसाल्टचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तो उभा राहिला. पावसाचं पाणी या थरांच्या भेगांत मुरतं आणि उतारावर एखाद्या जागी खडकाच्या अंगावरून पाझरू लागतं. शेजारच्या यावल तालुक्यात मनुदेवीला पावसाळ्यात गर्दी लोटते, ती कड्यावरून कोसळणारी धार पाहायला. धारेच्या दोन्ही बाजूंना खडक नुसता ओला असतो, काळपट, बुळबुळीत. तिथे कुणी थांबून पाहत नाही. पाणभुंगेऱ्यांच्या अभ्यासकाची नजर मात्र आधी तिथे जाते.

या जागी पाण्याचा थर फार तर एक-दोन मिलिमीटरचा असतो. त्याला डबकं म्हणता येत नाही, ओढाही नाही. तरी त्या पातळ थरात शेवाळ वाढतं, डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं वाढतात, माश्यांच्या अळ्या वळवळतात आणि त्यांच्यात मोहरीच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान भुंगेरे चरत असतात. तळ्यातला पाणभुंगेरा पोहतो, म्हणून त्याच्या मागच्या पायांना केसांची झालर असते. खडकावरच्याला पोहायला जागाच नाही. त्याचं काम घट्ट धरून चालण्याचं, त्यामुळे त्याची नखं महत्त्वाची. श्वासासाठी लागणारी हवा पाणभुंगेरे सोबत बाळगतात. काही जातींत ती पंखकवचाखाली असते, तर काहींत पोटाकडच्या, पाण्याने न भिजणाऱ्या बारीक केसांत अडकवलेली. ओल्या खडकावर पाठ बहुधा उघडीच राहते, तेव्हा हवेची अडचण नसते. अडचण असते ती कोरड पडण्याची. पाऊस उघडला की महिन्या-दोन महिन्यांत कितीतरी खडक सुकतात. वर्षभर पाझरणाऱ्या मोजक्या जागांचं मोल म्हणूनच मोठं आहे.

असल्या जागांतून जगाला काय मिळालं, हे सांगायला दोन उदाहरणं पुरेत. व्हेनेझुएलात धबधब्याच्या ओल्या खडकांवर पॉल स्पँगलर यांना १९८५ मध्ये एक मिलिमीटरही न भरणारा भुंगेरा सापडला. तो कुठल्याच ज्ञात कुळात बसेना. स्पँगलर आणि वॉरन स्टायनर यांनी त्याचं रीतसर वर्णन प्रसिद्ध केलं ते २००५ मध्ये, आणि त्याच्यासाठी ‘मेरुइडी’ हे नवं कुळ मांडावं लागलं. त्याआधी २००२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या पाझरत्या कड्यांवरच्या एका भुंगेऱ्यासाठी असंच ‘ॲस्पिडायटिडी’ हे कुळ निर्माण करण्यात आलं. त्याचा एक नातलग पुढच्याच वर्षी चीनमधून वर्णिला गेला. नवी जात सापडते हे आपण अधूनमधून वाचतो. नवं कुळ सापडणं ही फार वेगळ्या पातळीची गोष्ट आहे, आणि ती एकविसाव्या शतकात, माणूस हाताने स्पर्श करू शकेल अशा खडकांवर घडली. मान्फ्रेड येख आणि मिखाएल बाल्के यांनी २००८ मध्ये जगभरचा हिशेब मांडला तेव्हा पाणभुंगेऱ्यांच्या सुमारे १२,६०० जातींचं वर्णन झालेलं होतं. एकूण जाती १८,०००च्या आसपास असाव्यात, असा त्यांचा अंदाज होता.

आपल्याकडे हे काम मुळातच उशिरा सुरू झालं असं नाही. फ्रेंच अभ्यासक मोरिस रेजिम्बार यांनी १८९९ मध्ये भारत-चीन-मलाया भागातल्या पाणभुंगेऱ्यांचा मोठा आढावा लिहिला. पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या टी. जी. वझिरानी यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं या गटाला दिली. महाराष्ट्रातलं अलीकडचं ठळक काम पुण्याचं. मॉडर्न कॉलेजचे हेमंत घाटे, सायली शेठ आणि प्रागच्या राष्ट्रीय संग्रहालयातले यिरी हायेक यांनी २०१८ मध्ये ‘कोपेलेटस’ या वंशाचा महाराष्ट्रापुरता आढावा प्रसिद्ध केला आणि त्यात तीन नव्या जातींचं वर्णन केलं. या वंशातले भुंगेरे खडकावर चरणारे नव्हेत, ते साचलेल्या उथळ पाण्यातले. पण पद्धत तीच, आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

खडकावर जाळं चालत नाही. ओंजळीने पाणी मारून खाली गाळणी धरायची, किंवा ओल्या कुंचल्याने एकेक दाणा टिपायचा. नमुना अल्कोहोलमध्ये जातो. सोबत चिठ्ठी: गाव, नाला, उंची, अक्षांश-रेखांश, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. पुढचं काम सूक्ष्मदर्शकाखाली चालतं. लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. पाठीवरचे ठिपके, पंखकवचावरचे उभे चर, पायांची नखं हे सगळं तपासतात. कोपेलेटसमध्ये तर चर किती, यावरूनच जातींचे गट पाडतात. तरीही वरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन जाती निघतात. तेव्हा निकाल लागतो तो नराच्या जननावयवाच्या आकारावर. हा केसाएवढा भाग सुईने बाहेर काढून, स्वच्छ करून त्याचं चित्र काढावं लागतं. जोडीला आता डीएनएची तुलनाही असते.

सगळ्यात जास्त वेळ यानंतर जातो. आपला भुंगेरा खरंच नवा की शंभर वर्षांपूर्वी कुणी त्याला नाव देऊन ठेवलंय? ते कळायला जुने मूळ नमुने पाहावे लागतात, आणि त्यातले कितीतरी पॅरिस, लंडन, व्हिएन्नाच्या कपाटांत आहेत. खात्री पटली की एक नमुना निवडायचा. त्या जातीचं नाव यापुढे त्या एका नमुन्याला बांधलेलं राहतं. तो कुठल्या संग्रहात ठेवला हे लिहिल्याशिवाय २००० सालापासून नवं नाव ग्राह्य धरलं जात नाही. भारतात २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या जातीचा नमुना सरकारमान्य संग्रहात जमा करणं बंधनकारक आहे.

यातली चिठ्ठी सर्वांत साधी, पण तिचं महत्त्व खानदेशाइतकं कुणी अनुभवलेलं नसेल. रानपिंगळा या छोट्या घुबडाला ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये नाव दिलं. मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी १८८०च्या दशकात खानदेशात त्याचे नमुने मिळवले. १८८४ नंतर खात्रीचा नमुना नाही. लंडनच्या संग्रहात मात्र आणखी एक होता, रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या नावाचा, चिठ्ठीवर गुजरातमधलं मांडवी आणि साल १९१४. पामेला रासमुसेन आणि नायजेल कोलर यांनी तो बारकाईने तपासला. तो डेव्हिडसन यांचाच चोरलेला पक्षी निघाला, नव्याने भरलेला, खोटी चिठ्ठी लावलेला. ती जागा बाजूला ठेवून जुन्या खऱ्या ठिकाणांमागे गेल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी जिवंत रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. दिवसाउजेडी फांदीवर बसणारा पक्षी एवढा काळ अभ्यासकांच्या नजरेतून सुटतो, तर खडकाच्या रंगाचा दोन मिलिमीटरचा जीव सुटणं अगदी शक्य आहे. खोट्या चिठ्ठीने शोध भलतीकडे जातो, आणि चिठ्ठीच नसेल तर नमुना कशाचाच पुरावा राहत नाही.

मला या भुंगेऱ्यांची काळजी वाटते त्याला आणखी एक कारण आहे. चोपडा, यावल, रावेर पट्ट्यात डोंगरपायथ्याला दगडगोट्यांचा जो थर आहे, त्याला भूजलवाले बझाडा म्हणतात. सातपुड्यातून येणारे नाले त्यात मुरतात आणि तेच पाणी खाली केळीच्या बागांच्या विहिरी-कूपनलिकांना मिळतं. पाझरणारा खडक म्हणजे त्याच पाण्याचं डोंगरातलं उघडं तोंड. वरचं जंगल विरळ झालं की पाऊस मुरण्याऐवजी वाहून जातो आणि पाझर लवकर आटतो. भुंगेऱ्याला ते त्याच हंगामात कळतं, शेतकऱ्याला काही वर्षांनी, कूपनलिका खोल नेताना.

म्हणून खानदेशातल्या विज्ञान महाविद्यालयांना एक मागणं आहे. चोपडा, शिरपूर, शहादा, जळगाव इथल्या प्राणिशास्त्र विभागांनी आपापल्या बाजूच्या पाझरत्या खडकांची नोंदवही सुरू करावी. कोणता नाला, किती उंचीवर, ओल कुठल्या महिन्यापर्यंत टिकते, एवढ्या नोंदींपासून सुरुवात होऊ शकते. पावरा, बारेला, भिल्ल, तडवी पाड्यांवरच्या माणसांना बारमाही पाझर कुठे आहेत हे ठाऊक असतं. त्यांना सोबत घ्यावं आणि त्यांची नावं नोंदीत लिहावीत. अभयारण्यात नमुने घ्यायचे तर वनखात्याची लेखी परवानगी आधी काढावी. धबधब्यावर जाणाऱ्या बाकीच्यांनी कपडे-भांडी त्या खडकांवर साबणाने धुऊ नयेत.