सोळा सेकंदांची लाट

सर्फिंग शिकवणाऱ्या माणसाचा दिवस पाण्यात कमी आणि पाण्याकडे बघण्यात जास्त जातो. उत्तर गोव्यात, पेडणे तालुक्यात, मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल हे किनारे एकाला एक लागून आहेत. त्यातल्या आश्वे-मांद्र्याच्या पट्ट्यावर पावसाळा सरला की सर्फिंगच्या शाळा सुरू होतात आणि मे संपता संपता आवरतात. मी ज्याच्याकडे शिकायला जातो तो इथलाच, किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या रापणकरांच्या घरातला. त्याला पुण्या-मुंबईहून, बेळगावहून सारखे फोन येत असतात. "शनिवार-रविवारी लाटा कशा आहेत?" विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो. दीड मीटर म्हटलं की खूश, पाऊण मीटर म्हटलं की हिरमुसला. आमचा प्रशिक्षक आकडा देतच नाही. तो विचारतो, "किती वाजता उतरणार पाण्यात?"

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, पौर्णिमा तोंडावर आलेली असताना, त्याच्याबरोबर बसून त्याचं हे अंदाज बांधण्याचं काम बघायला मिळालं. पोहण्या-घसरण्यापेक्षा मला त्यातच जास्त गोडी लागली, हे कबूल करायला हरकत नाही.

फोनवर ॲपं भरपूर: विंडी, विंडगुरू, सर्फलाइन. दिसायला निराळी असली तरी त्यांच्या मागची गणितं मोजकीच आहेत. अमेरिकेचं जीएफएस, युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ आणि त्यांच्या वाऱ्यावर चालणारी लाटांची प्रारूपं. त्यामुळे तीन ॲपं एकच सांगतात म्हणजे तीन साक्षीदार मिळाले असं होत नाही; बरेचदा एकच साक्षीदार तीन दारांतून बोलत असतो. जीएफएसचं गणित दिवसातून चार वेळा नव्याने मांडलं जातं, म्हणून सकाळचा शुक्रवार आणि संध्याकाळचा शुक्रवार वेगळा निघू शकतो. प्रशिक्षक दिवसातून दोनदाच बघतो. "सारखं बघितलं की डोकं फिरतं, लाट काही बदलत नाही."

त्या मंगळवारी पडद्यावर असं होतं: आज ०.८ मीटर, ९ सेकंद. गुरुवारी त्यात एक नवी ओळ उगवली होती, ०.३ मीटर, १८ सेकंद, दिशा दक्षिण-नैर्ऋत्य. शुक्रवारी तीच १.२ मीटर, १६ सेकंद. शनिवारी १४ सेकंद.

नवखा माणूस मीटरचा रकाना वाचतो आणि गुरुवारवर काट मारतो. प्रशिक्षकाने गुरुवारच्या १८ वर बोट ठेवलं. एक शिखर गेल्यापासून दुसरं येईपर्यंत जो वेळ जातो तो हा कालावधी, आणि लाटेची बहुतेक सगळी कुंडली त्यात असते. खोल पाण्यात ९ सेकंदांच्या लाटेची लांबी सव्वाशे मीटरच्या आसपास भरते, १६ सेकंदांच्या लाटेची ४००. लांबीच्या निम्म्याइतकं खोल पाणी आलं की लाटेला तळ लागायला लागतो. म्हणजे ९ सेकंदांची लाट साठ-पासष्ट मीटर खोलीपर्यंत बेफिकीर येते, आणि १६ सेकंदांची २०० मीटरवरच तळाला घासू लागते, किनाऱ्यापासून कितीतरी किलोमीटर आत. तिथून ती वळते, वाळूच्या दांड्यांवर गोळा होते आणि उथळात चढून उंच होते. उंची सारखीच असली तरी १६ सेकंदांची लाट ८ सेकंदांच्या लाटेच्या दुप्पट जोर घेऊन येते. एक मीटर आणि एक मीटर यांत एवढा फरक.

मीटरचा आकडासुद्धा दिसतो तसा सरळ नसतो. सगळ्या लाटांतल्या सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. ही मोजपट्टी दुसऱ्या महायुद्धातली. सैन्य किनाऱ्यावर उतरवायचं तर लाटा किती असतील हे आधी कळावं म्हणून हॅराल्ड स्व्हरड्रुप आणि वॉल्टर मंक यांनी लाटांच्या अंदाजाची जी पद्धत बसवली, तिच्यातून आलेली. सरासरी म्हटल्यावर तिच्या वरचंही काही असणार. १.२ मीटर लिहिलेल्या दिवशी तासा-दोन तासांत एखादी दोन मीटरच्या पुढची लाट येऊन जाते आणि ती नेमकी आपण बोर्ड उलटा धरून उभे असताना येते.

ही १८ सेकंदांची ओळ आली कुठून? गोव्यात तर पान हलत नव्हतं. त्याने नकाशा खाली ओढला, विषुववृत्ताच्या पार खाली, मादागास्करच्याही बरंच दक्षिणेला. शाळेच्या भूगोलात 'गर्जणारे चाळीस' म्हणून पाठ केलेले पश्चिमी वारे तिथे वाहतात. आदल्या शुक्रवारी ४५ अंश दक्षिणेच्या आसपास एक वादळ फिरत होतं. तिथून आश्वे साडेसहा हजार किलोमीटरच्या वर. वादळात सगळ्या मापांच्या लाटा एकदमच जन्मतात, पण खोल पाण्यात लांब लाटा वेगाने जातात. एकाच गावातून एकाच पहाटे निघालेल्या दिंडीत झपाझप चालणारे आधी मुक्कामाला पोचावेत तसं होतं. १८ सेकंदांच्या लाटांचा ताफा ताशी ५० किलोमीटरने येतो, १४ सेकंदांचा ३९ किलोमीटरने. म्हणून गुरुवारी १८, शुक्रवारी १६, शनिवारी १४. रोज कालावधी किती उतरतो त्यावरून वादळ किती लांब होतं हे उलटं काढता येतं. मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणीची ठाणी मांडून दक्षिणेतल्या वादळांच्या लाटा अख्ख्या पॅसिफिकभर अशाच पकडल्या होत्या. आपला हा गडी तेच गणित चहा पिता पिता बोटांवर करतो.

हे नुसतं कौतुकाचं नाही. निरभ्र आकाश, पडलेला वारा आणि अचानक उसळलेलं पाणी, हा एप्रिल-मे महिन्यांतला नेहमीचा सापळा आहे. ६ मे २०२४ ला कन्याकुमारी जिल्ह्यातल्या लेमूर बीचवर वैद्यकीय शिक्षण घेणारे पाच तरुण-तरुणी अशाच लाटांत ओढले जाऊन बुडाले. हैदराबादच्या इन्कॉइस या केंद्रीय संस्थेचा उंच लाटांचा इशारा त्या दिवसांत जारी होता. आकाशाकडे बघून समुद्र ठरवण्याची आपली सवय इथे जिवावर बेतते. प्रशिक्षक दुसरं कुठलंही ॲप चुकवेल, पण इन्कॉइसचं पान चुकवत नाही.

लाट आली म्हणजे सर्फिंग जमलं असंही नाही, कारण मध्ये वारा आहे. आश्व्याला हिवाळ्यात वायव्येकडूनही लाटा येतात. अरबस्तानाच्या बाजूला शमाल वारे सुटले की दोन-एक दिवसांत त्यांच्या लाटा आपल्याकडे पोचतात. दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी त्यांचा चांगला माग काढलाय. उन्हाळ्यात मात्र खेळ रोजचा आणि घरचाच. पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, लाटेच्या तोंडावर हळू फुंकर घालतो, तिला थोडं थोपवून धरतो. पाणी काचेसारखं गुळगुळीत असतं. मग जमीन तापते, खारा वारा सुटतो आणि तासाभरात त्याच लाटांचा पार चिवडा होतो. दुपारी समुद्रावर आलेला पर्यटक खवळलेलं पाणी बघून "आज मस्त लाटा आहेत" म्हणतो. शाळेतल्या पोरांना हसू आवरत नाही.

आणि तिसरी गोष्ट भरती. तिच्यासाठी तो ॲप उघडत नाही, कालनिर्णय बघतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. शुक्रवारी चतुर्दशी, चौदाची पाऊणपट साडेदहा. किनाऱ्यागणिक वेळेत थोडा फरक पडतो, पण मिनिटांसाठी कोण भांडतंय? पुढे दर दिवशी पाऊण तास पुढे ढकलायचं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फारसं चढत-उतरत नाही आणि दिवसभर साधारण सारखंच चालतं. पौर्णिमा-अमावस्येला उधाण. तेव्हा सुकती लागली की इथला वाळूचा दांडा जवळजवळ उघडा पडतो, लाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदम कोसळते, घसरायला उतारच मिळत नाही. पूर्ण भरतीला ती थेट किनाऱ्याच्या उतारावर आपटते आणि बोर्डांची नाकं मोडतात. चांगलं काय ते मधल्या पाण्यात. दांडाही कायमचा नसतो. पावसाळा किनाऱ्यावरची वाळू आत ओढून नेतो, ती नंतर हळूहळू परत येते, आणि दर मोसमात दांडा थोडा इकडे नाहीतर तिकडे बसतो. हे कुठल्याच ॲपला माहीत नसतं.

गुरुवारी उजाडताना आम्ही काठावर. पाणी सपाट, आठवड्यातलं सगळ्यात कंटाळवाणं. ०.३ मीटर म्हणजे असंच, असं मी मनात म्हणत होतो. त्याने आश्व्याच्या खडकांतला एक काळा, शेवाळलेला खडक निवडला आणि फोनचं घड्याळ लावलं. खडकाच्या पायथ्याला बारीक लाटा चाटत होत्या, सात-आठ सेकंदांच्या. त्या त्याने मोजल्याच नाहीत. बराच वेळ काही झालं नाही. मग खडकाच्या मुळाचं पाणी खाली गेलं, हातभर खाली, एरवी पाण्याखालीच राहणारे शिंपले उघडे पडले, आणि पाणी आवाज न करता वर चढलं. वर चढून राहिलं. मग पुन्हा खाली. "सतरा." पुढची, "अठरा." पुढची, "सतरा." चार लाटांनंतर परत सगळं सपाट. दांड्यावर मात्र त्या चारही लाटा कमरेइतक्या उभ्या राहून फुटल्या, क्षितिजाला समांतर, पट्टीने आखल्यासारख्या.

जवळच रापणीची होडी होती. एक वयस्क रापणकर, ज्यांना सगळा किनारा मामा म्हणतो, होडीच्या काठावर हात टेकून तेच बघत होते. फोन नाही, घड्याळ नाही. आमच्याकडे न बघता म्हणाले, "आज खेच आसा." मग प्रशिक्षकाला, "फाल्यां रापण ना." उद्या रापण नाही. लांब लाटेत होडी काठाला लावणं अवघड, जाळं ओढणाऱ्यांच्या पायाखालून वाळू निसटते. शाळेला जी लाट हवी तीच मामांच्या दिवसाची मजुरी खाते. शाळेची पोरं शुक्रवारच्या आनंदात असताना प्रशिक्षक मामांसमोर एक शब्द बोलला नाही.

शुक्रवारची आखणी त्याने तिथेच केली. पहाटे सुकती खोल, म्हणून सहाच्या आत कोणी उतरायचं नाही. साडेसहा ते नऊ मधलं पाणी. नवशिक्यांनी फक्त फुटलेल्या लाटेच्या फेसात, कमरेच्या वर जायचं नाही. दांड्याच्या उत्तर टोकाला जिथे लाट फुटत नाही आणि पाणी गडद, शांत दिसतं, तिकडे अजिबात नाही. नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते. आत आलेलं सगळं पाणी तिथूनच परत समुद्रात ओढलं जात असतं. सापडलात तर त्याच्याशी झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडायचं. हे तो दर वेळी सांगतो, ऐकलेल्यांनाही.

शुक्रवार अंदाजापेक्षा थोडा घाईने आला. मुख्य जोर रात्रीतच येऊन गेला होता. सकाळी त्याने मोजलं तेव्हा पंधरा-सोळा सेकंद निघाले. तरी दांड्यावर छातीभर लाटा येत होत्या आणि दोन लाटांच्या मधला निवांतपणा इतका की बोर्डवर बसून गप्पा मारता याव्यात. नवशिक्यांची तुकडी त्याने निम्मी केली, उरलेल्यांना पैसे परत देऊन भांडण मिटवलं. फेसात उभं राहिलं तरी परतीचं पाणी पोटऱ्यांना धरून खेचत होतं. नऊ वाजता लाटा काठावर आपटू लागल्या, दहाच्या सुमारास माडांची झावळं वळली. "दनपारां वारो येतलो," म्हणजे वारा दुपारी येईल, असं आदल्या दिवशी मामा म्हणाले होते; त्या एका बाबतीत ॲप त्यांच्यापेक्षा अचूक निघालं.

दुपारी त्याने वहीत दोन ओळी लिहिल्या, ॲपने काय म्हटलं आणि दांड्यावर काय आलं. अशा वह्यांवरूनच त्याला कळलंय की दक्षिण-नैर्ऋत्येची लांब लाट इथे लिहिल्यापेक्षा जास्त निघते आणि वायव्येची छोटी लाट कमी. तेवढ्यात बेळगावहून फोन आला, रविवारचं विचारायला. रविवारी १३ सेकंद, भरती बाराच्या पुढेमागे, म्हणजे साडेसातच्या आधी दांड्यावर पुरेसं पाणी नाही. आणि वायव्येचा वारा त्या दिवशी नऊलाच जोर धरणार. त्याने हिशेब सांगितला नाही. म्हणाला, "शनिवारी रात्रीच मुक्कामाला या. रविवारी सकाळी निघालात तर आंबोली उतरेपर्यंत वारा सुटलेला असेल."