बाबुन्याच्या फुलांचा चहा : घरीं करण्याची रीत

चहा म्हटला कीं आपल्याकडे दूध, साखर, आलें आणि चुलीवर दोन उकळ्या हेंच चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. हीच रीत बाबुन्याच्या फुलांस लावली तर हातीं कांहींच लागत नाहीं. शहरांतील दुकानांतून 'कॅमोमाइल' या नांवानें जीं लहान पिवळसर फुलें पुड्यांतून विकलीं जातात, तींच हकिमांचा बाबूना. त्यांचा भाव पाहून, 'हीं फुलें आमच्या वाफ्यांत होतील काय, आणि झाल्यास त्यांचा चहा कसा करावा ?' अशी पृच्छा कांहीं सभासदांनीं आमच्याकडे केली आहे. थोडक्यांत उत्तर असें कीं, फूल पिकविणें फारसें कठीण नाहीं. कठीण आहे तें त्यांतील वास रोपापासून पेल्यापर्यंत सांभाळून आणणें. या फुलाचा माल म्हणजे त्याचा वास. तोडणी, वाळवणी, सांठवण व चहाची कृति या चारही ठिकाणीं तो निसटूं पाहतो. म्हणून प्रत्येक पायरीचें कारण समजून घेतलेलें बरें.

ओळख :— बाबूना ही युरोप व पश्चिम आशिया या भागांतील वर्षायु वनस्पति आहे. उंची हात-दीड हात. पानें बडीशेपेच्या पानांसारखीं तंतुमय. फूल सुमारें दोन सेंटिमीटर रुंद, मध्यें पिवळी घुमटी व तिच्या भोंवतीं पांढऱ्या पाकळ्यांची एक रांग. फूल बोटांत चुरडलें म्हणजे सफरचंदासारखा गोड वास येतो. ग्रीक भाषेंतील मूळ नांवाचा अर्थही 'भुईसफरचंद' असाच आहे. मोगल अमदानींत ही वनस्पति आपल्या देशांत आली असें मानतात, व लखनौच्या बाजूस तिची लागवड होत आली आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पति संस्थेनें 'वल्लरी' नांवाचा वाणही काढलेला आहे.

आपल्या भागांत ओळखीचा हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नव्हे. ज्यास कोठें काँग्रेस गवत तर कोठें चटकचांदणी म्हणतात, तें गाजरगवत १९५५ च्या सुमारास पुण्यांत प्रथम नजरेस आलें आणि आज बांधाबांधावर माजलें आहे. त्याचीही पानें चिरलेलीं व फुलें पांढरीं. शिवाय दोघांचें कूळ एकच. तेव्हां नवख्याची फसगत होणें अशक्य नाहीं, आणि गाजरगवत तर अंगास लागलें तरी कित्येकांस खाज व चट्टे उठतात. फरक असा : गाजरगवताचें फूल ज्वारीच्या दाण्याएवढें बारीक असून त्याच्या कडेस पांच पांढरे कोपरे दिसतात, पिवळी घुमटी त्यास नसते. बाबुन्याची घुमटी मात्र ठळक पिवळी असते, व फूल जुनें होऊं लागलें कीं पाकळ्या खालीं लवतात. शेवटची कसोटी चाकूची. फूल देठासकट उभें चिरावें. घुमटीच्या आंत पोकळी दिसली तर खरा बाबूना. ती भरीव निघाली तर जाति दुसरी समजावी. 'रोमन कॅमोमाइल' म्हणून जी बहुवर्षायु, चवीस अधिक कडू जाति आहे, तिचीही घुमटी भरीवच असते. इतकें करूनही आमचा सल्ला हाच कीं, बांधावर आपोआप उगवलेलें कोणतेंही फूल चहास घेऊं नये. खात्रीच्या बियाण्यापासून आपण स्वतः वाढविलेलें तेवढेंच घ्यावें.

लागवड :— घरच्या गरजेस चार फूट रुंद व दहा फूट लांब एवढा एक वाफा पुरे. बीं अत्यंत बारीक, एका ग्रॅमांत कित्येक हजार, म्हणून तें बारीक वाळूंत मिसळून फेकावें. त्यास उगवण्यास उजेड लागतो. तेव्हां मातीनें झांकूं नये, हातानें हलकें दाबून झारीनें पाणी शिंपडावें. आक्टोबरांत रोप टाकून नोव्हेंबरांत एक-एक फुटावर लावावें. या पिकास थंडी मानवते, आणि दख्खनची थंडी आखूड. म्हणून रोपास उशीर झाला तर फुलें उन्हाळ्याच्या झळांत सांपडतात. थोडी चोपण जमीनही हें पीक सोसतें, हा त्याचा एक गुण. मावा पडल्यास पाण्याच्या धारेनें धुवून काढावा. ज्या फुलाचा चहा प्यावयाचा, त्यावर विषारी औषध फवारणें म्हणजे तें औषधच पिणें होय.

तोडणी :— पाकळ्या आडव्या, पूर्ण उघडलेल्या असतां फूल तोडावें. कळी कच्ची, आणि पाकळ्या खालीं लवून घुमटी उंच झाली म्हणजे फूल वाळतांना विस्कटतें. वेळ सकाळची, पण दंव उडून गेल्यानंतरची. ओलीं फुलें टोपलींत तापतात व काळीं पडतात. देठ शक्य तितका आंखूड ठेवावा. फुलें एकदम येत नाहींत; आठ-दहा दिवसांच्या अंतरानें तीन-चार तरी तोडण्या होतात. युरोपांत कंगव्यासारख्या दांत्यांच्या पेटीनें फुलें ओरबाडून घेतात. घरच्या वाफ्यास बोटेंच बरीं.

वाळवणी :— येथें पहिल्या वर्षीं आम्हींही चूक केली. सांडगे व मिरच्या ज्या पत्र्यावर वाळतात, त्याच पत्र्यावर फुलें कडक उन्हांत पसरलीं. दोन दिवसांत तीं कुरकुरीत झालीं व आम्हांस समाधान वाटलें. परंतु पाकळ्या तपकिरी पडून चुरा झाला होता, आणि पेल्यांत रंग उतरला तरी वास केवळ गवताचा आला. दोष बियाण्याचा नव्हता, आमचा होता. शंभर ग्रॅम वाळल्या फुलांत सुगंधी तेल एक ग्रॅमाच्या आसपास, पुष्कळदां त्याहूनही कमी असतें, आणि तें हवेंत उडून जाणारें आहे. उन्हानें तापलेल्या पत्र्यानें तें आमच्या आधींच पिऊन टाकलें.

म्हणून फुलें सावलींत, वारा खेळत्या खोलींत, स्वच्छ सुती कापडावर अथवा सुपांत एकेरी थरानें पसरावीं. वारंवार चाळवूं नयेत. पेटींत ऊब देऊन वाळविणें झाल्यास उष्णता ४० अंशांच्या वर नेऊं नये. हवेप्रमाणें पांच ते आठ दिवस लागतात. पाकळ्या दोन दिवसांतच वाळतात व मनुष्य फसतो. खरी ओल घुमटींत असते. नखांनीं घुमटी फोडून पाहावी. ती कोरडी सुटी झाली म्हणजे वाळवण पुरें झालें. पांच भार ताज्या फुलांचा सुमारें एक भार उरतो. म्हणजे किलोभर फुलांचीं दोनशें ग्रॅम.

सांठवण :— घट्ट झांकणाचा डबा अथवा काळसर कांचेची बरणी घ्यावी व ती चुलीपासून दूर, अंधारांत ठेवावी. आठवड्यानें उघडून पाहावी. आंत दमट वास अथवा कांचेवर घाम दिसल्यास फुलें पुन्हां पसरावीं. बुरशी दिसल्यास मोह न धरतां सर्व टाकून द्यावीं. डब्यावर तोडणीची तारीख लिहावी, आणि पुढील हंगामाचीं फुलें आलीं कीं जुनीं काढून टाकावीं.

चहाची कृति :— आपल्या वैद्यकांत काढा आणि फांट हे दोन प्रकार निराळे मानले आहेत. मुळ्या, सालीं, सुंठ यांसारख्या कठीण वस्तु पाण्यांत आटवून काढा करतात. कोमल वस्तूंवर कढत पाणी ओतून, झांकून, गाळून घेतात, तो फांट. बाबूना फांटाचा अधिकारी आहे, काढ्याचा नव्हे. गवती चहा उकळतांना घरभर घमघमाट सुटतो व आपण खूष होतों. परंतु जो वास घरांत पसरला तो पेल्यांतून गेला, हें लक्षांत ठेवावें.

एका कपास, म्हणजे दीडशें मिलिलिटर पाण्यास, वाळलेलीं फुलें तीन ग्रॅम घ्यावीं. हें माप चहाच्या तीन चमच्यांएवढें भरतें. फुलें झांकणाच्या भांड्यांत घालावीं, पाण्यास खळखळून उकळी आली कीं तें त्यांवर ओतावें, आणि ताबडतोब झांकण ठेवावें. पांच ते दहा मिनिटांनीं झांकण उचलून त्याच्या आंतील बाजूस जमलेलें पाणी भांड्यांतच झटकावें. वाफेबरोबर निघालेलें तेल त्या थेंबांत असतें. मग फडक्यानें गाळून घ्यावें. दहा मिनिटांहून अधिक ठेवल्यास कडवटपणा वाढतो. रंग सोनेरी पिवळा यावा. या फुलांचें तेल वाफेनें गाळून काढलें असतां गर्द निळें निघतें. फुलांतील एक रंगहीन द्रव्य त्या वेळच्या उष्णतेनें पालटून हा रंग येतो. पेल्यांत तो न दिसल्यास फुलें खोटीं समजूं नयेत. दूध घालूं नये. गोडी हवी असल्यास कोमट झाल्यावर थोडा मध पुरे.

ताजीं फुलें असल्यास वरील हिशेबानें पंधरा ग्रॅम, म्हणजे कपास लहानशी ओंजळभर, घ्यावीं. किडे पाहून थंड पाण्यांत एकदां बुडवून काढावीं, हातानें किंचित् चुरडावीं व वरीलप्रमाणेंच करावें. ताज्यांचा वास अधिक हिरवट व गोड. वाळलेल्यांचा मधुर व खोल. किलोभर ताज्या फुलांपासून जीं दोनशें ग्रॅम वाळलेलीं मिळतात, त्यांत साठ-पासष्ट कप होतात. यावरून वर्षास किती वाफे लागतील तें ज्याचें त्यानें ठरवावें.

कोणीं घेऊं नये :— हा भाग कोणींही वगळूं नये. गाजरगवत, शेवंती, झेंडू, सूर्यफूल, करडई व बाबूना हीं सर्व एकाच कुळांतील. ज्यास गाजरगवत उपटतांना अंगास खाज सुटते, चट्टे उठतात अथवा दम लागतो, त्यास बाबुन्याचाही त्रास होऊं शकतो. त्यानें या चहाच्या वाटेस जाऊं नये. घरांत असें कोणी असल्यास फुलें तोडण्याचें कामही त्यास सांगूं नये. रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या अथवा झोंपेचें औषध घेणाऱ्यांनीं, तसेंच गर्भवती स्त्रियांनीं, डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नये. तान्ह्या मुलास देऊं नये. डोळे धुण्यास हें पाणी वापरूं नये. त्यानेंही डोळे सुजल्याचे प्रकार घडलेले आहेत.

गुणांविषयीं अतिशयोक्ति करण्याची आमची इच्छा नाहीं. रात्रीं जेवणानंतर एक कप घेतल्यानें पोट हलकें वाटतें व मन निवतें, असा पुष्कळांचा अनुभव आहे; झोंपेस थोडी मदत होत असावी असें कांहीं प्रयोगांतून दिसतें. महिनोन्महिने झोंप न येणें, पोटांत सतत दुखणें, यांवर मात्र हा उपाय नव्हे. तेथें वैद्यच गांठला पाहिजे. खरा लाभ कदाचित् याहून साधा आहे. रात्रीं उशिरां होणारा दूध-साखरेचा कडक चहा सुटला, तर तेवढ्यानेंही झोंप सुधारेल.

बाजाराकरितां एकरभर लावावें काय, असेंही विचारण्यांत आलें आहे. तोडणीस मजुरी फार पडते. म्हणून घेणारा आधीं ठरल्यावांचून तसें करूं नये. घरापुरता एक वाफा मात्र यंदाच करून पाहण्यासारखा आहे. ज्या सभासदांस फुलांचा वास टिकविण्यांत यश येईल, त्यांनीं, व ज्यांस येणार नाहीं त्यांनीं तर अवश्यच, आपला अनुभव आम्हांस लिहून कळवावा. फसलेल्या वाळवणीपासून आम्ही जें शिकलों, तें पहिल्याच वर्षीं यश येतें तर शिकलों नसतों.