केनी डॅल्ग्लिश: ॲनफिल्डची सहा वर्षं

29 मे 1985 च्या संध्याकाळी ब्रसेल्सच्या हेझल स्टेडियममध्ये युरोपियन कपच्या अंतिम सामन्याआधी 39 जणांचा बळी गेला. दुसऱ्याच दिवशी लिव्हरपूलने जो फॅगन यांच्या जागी केनी डॅल्ग्लिशला मॅनेजर केलं. वय 34, आदल्या रात्री त्याच मैदानावर खेळलेला, संघ चालवण्याचा अनुभव शून्य. खेळणंही सुरूच राहणार होतं. सल्ल्याला माजी मॅनेजर बॉब पेस्ली होते, पण संघ निवडायचा तो त्यानेच.

खरी अवघड गोष्ट तीच. कालपर्यंत ज्यांच्या शेजारी बसून बूट बांधले, त्यांनाच आता वगळायचं. त्याने कर्णधारपद फिल नीलकडून काढून ॲलन हॅन्सनला दिलं. वर्षअखेरीस नील बोल्टनला गेला, तोही खेळाडू-मॅनेजर म्हणूनच. स्वतःचं नावही डॅल्ग्लिशने त्या हंगामात कितीतरी वेळा यादीतून गाळलं. शेवटच्या टप्प्यात मात्र तो पुन्हा मैदानात उतरला आणि 3 मे 1986 ला चेल्सीच्या मैदानावर त्याच्याच एकमेव गोलने लीग जिंकली. आठवड्याभरात एव्हर्टनला 3-1 हरवून एफए कपही आला.

तरी मला वाटतं, तो खऱ्या अर्थाने मॅनेजर झाला 1987 मध्ये. इयन रश युव्हेंटसला गेला, आणि डॅल्ग्लिशने ऑल्ड्रिज, बार्न्स, बियर्ड्स्ली, हाउटन अशी नवी फळी उभी केली. या संघाने नव्या हंगामातले पहिले 29 लीग सामने गमावले नाहीत. खेळाडू डॅल्ग्लिशची गरज या संघाला उरली नव्हती.

मग हिल्सबरो. शेफिल्डच्या या मैदानावर 15 एप्रिल 1989 ला झालेल्या चेंगराचेंगरीने लिव्हरपूलच्या अखेर 97 चाहत्यांचे प्राण घेतले. डॅल्ग्लिश एकामागून एक अंत्यविधींना जात राहिला, एका दिवशी तर चार. मृतांच्या घरच्यांसाठी ॲनफिल्ड, म्हणजे लिव्हरपूलचं मैदान, खुलं झालं, तिथे तो त्यांच्यासोबत बसला. असं काम कुठल्याही करारात लिहिलेलं नसतं. त्याने ते मनापासून केलं, पण त्याच्या स्वतःच्या मनावरचा भार हलका करायला कोण होतं? त्या काळच्या फुटबॉलमध्ये मनातलं बोलायची रीतच नव्हती.

बाहेरून सगळं सुरळीत दिसत होतं. 1990 मध्ये लीग पुन्हा मिळाली, आणि 1 मे ला डर्बीविरुद्ध 39 वर्षांचा डॅल्ग्लिश बदली खेळाडू म्हणून अखेरचा उतरला. फेब्रुवारी 1991 मध्ये एव्हर्टनविरुद्धच्या कप सामन्यात लिव्हरपूलने चार वेळा आघाडी घेतली आणि चारही वेळा गमावली. संघात बदल करायला हवा हे त्याला कळत होतं, पण निर्णयच घेता येईना. हे पुढे त्यानेच सांगितलं. दोन दिवसांनी, 22 फेब्रुवारीला, त्याने राजीनामा दिला. संघ तेव्हा लीगमध्ये अव्वल होता.

पुढे मॅनेजर म्हणून त्याने 1995 मध्ये ब्लॅकबर्नला लीग जिंकून दिली. लिव्हरपूलला पुढची लीग मिळायला 2020 उजाडलं.