जुनी सायकल घ्या, पण रंगाकडे बघू नका

जिन्याखाली धूळ खात पडलेली काळी, दांड्याची सायकल कुणी बाहेर काढली, की पहिला सल्ला ठरलेला असतो: "गंजलीय, भंगारात घाला." पण वरचा तांबडा थर बहुतेकदा वरवरचाच असतो. रॉकेलचं फडकं आणि बारीक पॉलिश पेपर घेऊन तासभर घासलं, की खाली धड पोलाद निघतं. खरा धोका असतो पाणी साचतं तिथे. सायकल उलटी करून पायडलच्या आसाभोवतीची नळी बघा, सीटचा दांडा उपसून आत डोकवा, फोर्क जिथे वर जोडला जातो तिथे बोट फिरवा. रंग फुगून पापुद्रे सुटत असतील किंवा केसासारखी चीर दिसली, तर कितीही स्वस्त मिळो, सोडून द्या. चालत्या सायकलीचा फोर्क मोडला, तर माणूस तोंडावरच आपटतो.

याच्या उलटा गैरसमज चकचकीत रंगाचा. नवा रंग, नवे स्टिकर मारून विकायला ठेवलेल्या सायकलीचे छर्रे कोरडे असू शकतात. पुढचं चाक उचलून हळूच फिरवा आणि कान द्या. करकर आली तर हब उघडून छर्रे धुवायचे, वाटी-कोनला खड्डे पडलेत का ते बघायचं आणि ताजं ग्रीस भरायचं. वरून तेल ओतून भागत नाही. असलेलं ग्रीस पातळ होऊन बाहेर येतं आणि धूळ आत जाते.

"चेन ताणली गेलीय," असं सगळेच म्हणतात. पोलाद काही ताणलं जात नाही, झिजतात त्या आतल्या पिना. मोजायला घरातली फूटपट्टी पुरते. दोन पिनांमध्ये बरोबर अर्धा इंच अंतर असतं, म्हणजे एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवलं, की पुढची चोविसावी पिन 12 इंचांवर यायला हवी. ती 1/16 इंच पुढे गेली असेल तर चेन बदला. 1/8 इंच गेली असेल तर फ्रीव्हीलचे दातेही खाल्ले गेलेत, दोन्हींचा खर्च धरा.

पार्ट मिळत नाहीत, ही तक्रार 28 इंची साध्या सायकलीला लागू नाही. तिची मापं कित्येक दशकं तीच आहेत; कॉटर पिन, ब्रेकचे रबर, टायर गल्लीतल्या दुकानात मिळतात. फसगत होते ती 26 इंचांत. 26 × 1⅜ च्या टायरचं रिमवर बसण्याचं माप 590 मिलिमीटर, तर एमटीबीच्या 26 × 1.95 चं 559. एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. म्हणून टायरच्या बाजूवर उठवलेला तीन आकडी नंबर लिहून घ्या आणि मगच दुकानात जा. 28 × 1½ चा नंबर 635.

डावं पायडल निघत नाही म्हणून त्यावर हातोडा चालवणारेही भेटतात. त्याचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं.

राहिला "जुनी सायकल जड, दमवते" हा आक्षेप. तो अर्धा खरा आहे. सपाट रस्त्यावर दमवतं ते कमी हवेचं टायर, कोरडी चेन आणि खाली बसवलेली सीट. दोन्ही पाय जमिनीला पुरतील इतकी सीट खाली असली, की गुडघे पुरते उलगडतच नाहीत. पायडल तळाशी असताना गुडघ्यात किंचित बाक राहील इतकी ती वर घ्या. मग तीच सायकल हलकी वाटेल. सिंहगडाच्या चढावर मात्र वीस किलोंच्या आसपासचं वजन आणि एकच गिअर, इथे कसलीही मलमपट्टी चालत नाही.

उतारावर त्याहून सावध राहायला हवं. सळईचे ब्रेक नीट जुळवले तर कोरड्यात चांगले लागतात. ओल्या पोलादी रिमवर मात्र रबर नवं असलं तरी घसरतं. पावसात ब्रेक बऱ्याच आधीपासून हलके दाबत यावं, म्हणजे रिमवरचं पाणी पुसलं जातं. आणि रोज घाटातूनच ये-जा असेल, तर ही सायकल न घेतलेलीच बरी.