विजेचा धक्का आणि प्रजननसंस्थेतील प्रथिने

छत्तीसगडची राजधानी रायपूर येथील गोल बाजार ही शहरातील जुनी आणि सदैव गजबजलेली बाजारपेठ. अशा बाजारांत पावसाळ्यात ओल्या हाताने लोखंडी शटर ओढताना किंवा पंख्याचे बटण दाबताना विजेचा धक्का बसणे ही नवलाची बाब मानली जात नाही. हात झटकला, कातडीवर खूण उमटली नाही, म्हणजे धोका टळला, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु विजेची इजा त्वचेवर दिसते त्याहून अधिक खोलवर असू शकते. भारतात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडतात. वाचलेल्यांच्या शरीरात काय घडते, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

विद्युतप्रवाह शरीराची हानी मुख्यतः दोन प्रकारे करतो. प्रवाहाला ऊतींचा विरोध झाल्याने उष्णता निर्माण होते आणि या उष्णतेमुळे प्रथिनांची विशिष्ट घडी मोडते. घडी मोडलेले प्रथिन आपले कार्य करू शकत नाही. दुसरे म्हणजे, तीव्र विद्युतदाबामुळे पेशींच्या आवरणाला सूक्ष्म छिद्रे पडतात. त्यांतून कॅल्शियम आत शिरते आणि पेशीतील प्रथिने बाहेर झिरपतात. स्नायूंना अशी इजा झाल्यास मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरते. त्यामुळे लघवी गडद तपकिरी होते व मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका संभवतो.

प्रवाह एका हातातून शिरून पायावाटे जमिनीत गेला, तर त्याच्या मार्गात ओटीपोटाचा भाग येतो. पुरुषांचे वृषण उष्णतेच्या बाबतीत विशेष नाजूक असतात. शुक्राणूंच्या निर्मितीसाठी त्यांचे तापमान शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी असावे लागते. प्रयोगशाळेतील उंदरांच्या वृषणांना ४३ अंश सेल्सिअसची उष्णता केवळ १५ मिनिटे दिली असता शुक्राणू घडविणाऱ्या पेशी मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्याचे आढळले आहे.

उष्णतेचा ताण पडताच पेशींत उष्णता-आघात प्रथिने वाढतात. मोडलेल्या प्रथिनांची घडी पुन्हा बसविणे हे त्यांचे काम. ताण असह्य झाल्यास पेशीला मृत्यूकडे नेणाऱ्या बॅक्स या प्रथिनाचे पारडे तिला तारणाऱ्या बीसीएल-२ या प्रथिनापेक्षा जड होते. वृषणातील पेशींना घट्ट सांधून रक्तापासून अलग ठेवणारी ऑक्ल्युडिनसारखी प्रथिनेही उष्णतेने घटतात. शिवाय मोठ्या भाजण्यानंतर पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाची पातळी खालावते.

तथापि, प्रत्येक धक्क्यामुळे वंध्यत्व येते असे मानणे चुकीचे ठरेल. घरगुती दाबाच्या क्षणिक धक्क्यात ऊती इतक्या तापत नाहीत. उच्च दाबाच्या तारांशी संपर्क किंवा दीर्घकाळ टिकलेला प्रवाह अधिक घातक असतो. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. त्यामुळे गंभीर इजेनंतर वीर्यतपासणी तीन महिन्यांनी केल्यास चित्र अधिक स्पष्ट होते. गरोदरपणी धक्का बसलेल्या महिलांचा कॅनडातील टोरांटो येथे अभ्यास झाला होता. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बहुतेकींना निरोगी अपत्ये झाल्याचे दिसले. तरीही अशा महिलेने त्वरित वैद्यकीय तपासणी करून घेणे आवश्यक आहे.

अपत्यप्राप्तीस विलंब झाला की आपल्याकडे तपासणीचा भार प्रथम पत्नीवर पडतो. पतीला पूर्वी विजेची गंभीर इजा झाली असल्यास ती डॉक्टरांना आवर्जून सांगावी आणि तपासणी दोघांचीही व्हावी.

धक्का बसलेल्या व्यक्तीस स्पर्श करण्यापूर्वी मुख्य वीजपुरवठा बंद करावा. श्वास थांबला असल्यास छातीवर दाब देण्यास प्रारंभ करून १०८ किंवा ११२ या क्रमांकावर मदत मागवावी. छातीत धडधड, बेशुद्धी, भाजल्याची खूण वा गडद लघवी ही लक्षणे असल्यास रुग्णालयात जाण्यास विलंब करू नये. दुकानात योग्य अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारे उपकरण बसविल्यास यांतील बहुतेक प्रसंग टाळता येतात.