प्रश्नचिन्हाचं पान

गेल्या महिन्यात आमच्या कामाचे अंदाज बांधायच्या अ‍ॅपमधून प्रश्नचिन्ह काढून टाकलं. का, म्हणून विचारलं तर उत्तर आलं, "त्याची सरासरी निघत नाही, डॅशबोर्ड अडतो." त्याच आठवड्यात सॉफ्टवेअरवाल्यांच्या अ‍ॅजाइलच्या जाहीरनाम्याला २५ वर्षं झाली म्हणून कँटीनमध्ये केक कापला. मी केक खाल्ला. खोटं कशाला बोला, चांगला होता.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत, यूटामधल्या स्नोबर्डला १७ जण जमले आणि त्यांनी तो जाहीरनामा लिहिला. आखलेल्या योजनेला चिकटण्यापेक्षा बदलाला सामोरं जाणं मोलाचं, हे त्यातलं एक कलम. त्याआधीच्या वॉटरफॉलच्या दिवसांबद्दल लिहावं असं फारसं काही नाही. जाडजूड रिक्वायरमेंट डॉक्युमेंट, त्यावर सह्या, पुढे वर्षभर भांडणं. सुरुवातीला बांधलेला अंदाज चौपट चुकू शकतो, हे बॅरी बोएम यांनी १९८१ मध्येच मांडलं होतं. आम्हाला ते माहीत होतं. क्लायंटला सांगायची सोय नव्हती, एवढंच.

माझं दशक २००९ नंतरचं, हिंजवडीतलं. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये सुचवलेला प्लॅनिंग पोकर आमच्याकडे तेव्हा पोचला. प्रत्येकाच्या हातात पत्ते: १, २, ३, ५, ८, १३ असे चढत जाणारे, शिवाय एक कॉफीच्या कपाचा आणि एक प्रश्नचिन्हाचा, 'अंदाज सांगता येत नाही' म्हणायला. आकडे म्हणजे स्टोरी पॉइंट, कामाच्या आकाराचं माप. पान झाकून ठेवायचं आणि सगळ्यांनी एकदम उघडायचं. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठं पान टाकणाऱ्यांनी आधी बोलायचं.

एका विमा कंपनीच्या ऑनलाइन हप्त्याचं काम होतं. सगळ्यांची पानं तीन-तीन. कॉलेजातून नुकत्याच आलेल्या एका मुलीचं १३. एकदोघं हसले. नियम होता म्हणून तिला बोलावं लागलं. ती म्हणाली, "पैसे बँकेतून गेले आणि आपल्याकडे नोंदच झाली नाही, तर? माणूस पुन्हा बटण दाबेल, हप्ता दोनदा कापला जाईल." खोलीत शांतता. पुन्हा पानं टाकली तेव्हा आमच्या लीडनं, बारा वर्षं मुरलेल्या माणसानं, प्रश्नचिन्ह टाकलं.

मग दोन दिवसांचा स्पाइक. फेकून द्यायचाच कोड, एकाच प्रश्नाच्या उत्तरापुरता. बँकेचा जबाब वेळेत आला नाही तर व्यवहाराचं काय झालं ते लगेच कळायला मार्गच नाही, रात्री हिशेब जुळवावा लागणार, एवढं त्यातून निघालं. पहिल्या रिलीजमध्ये एकाच प्रकारच्या पॉलिसीला सोय द्यायची असं ठरलं. बाकीचं मुद्दाम ठरवलंच नाही. क्लायंट कुरकुरला, पण कबूल झाला.

लातूरकडचा एक सहकारी म्हणायचा, यात नवीन काय? पहिल्या सरीला पेरलं तर दुबार पेरणी नशिबी. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, वापसा बघूनच तिफण धरायची. पण वापसा गेल्यावरही बसून राहिलात तर हंगाम गेला. मेरी आणि टॉम पॉपेन्डिक या दांपत्याच्या २००३ च्या पुस्तकात हेच आहे: पर्याय हातचा जाण्याआधीच्या शेवटच्या क्षणापर्यंत निर्णय मोकळा ठेवा. त्या सहकाऱ्याच्या वडिलांनी ते पुस्तक अर्थातच वाचलेलं नव्हतं.

घसरण कुठल्या दिवशी सुरू झाली ते मला नेमकं आठवतं. एक बडे साहेब नुसतं बघायला म्हणून खोलीत येऊन बसले. त्या दिवशी पानं उघडण्याआधी सगळ्यांच्या नजरा लीडच्या हाताकडे. त्याचे पाच, म्हणून सगळ्यांचे पाच. पुढे एक पॉइंट म्हणजे आठ तास असं परिपत्रक निघालं. विचारणा होऊ लागली: शेजारची टीम स्प्रिंटला, म्हणजे कामाच्या एका ठरावीक फेरीत, ४० पॉइंट करते, तुम्ही २८ का? मग आम्हीही तीनच्या कामाला पाच म्हणू लागलो आणि तेवढ्याच कामात ४० झाले. टाळ्याही मिळाल्या. आम्ही वापरत होतो त्या स्क्रम पद्धतीच्या गाइडनं २०११ मध्येच स्प्रिंटच्या कामासाठी 'कमिटमेंट' शब्द काढून 'फोरकास्ट' घातला होता. दोन दिवसांचा वर्ग करून प्रमाणपत्र मिळवलेल्या आमच्या कोचना त्याचा पत्ता नव्हता. स्टोरी पॉइंट बहुधा आपणच काढले असावेत आणि तसं असेल तर त्याचं वाईट वाटतं, असं पुढे रॉन जेफ्रीझ यांनी लिहिलं. आमच्या साहेबांना कसलंच वाईट वाटलं नाही. मीही गप्प बसलो. त्या वर्षी माझं प्रमोशन होतं.

आता तर कोड यंत्रच लिहितं, तेव्हा अंदाज निम्मे करा असा लकडा आहे. हप्ता दोनदा कापला जाईल का, हा प्रश्न टायपिंगच्या वेगाचा कधी होता?

टेबलाच्या खणात पोकरच्या पत्त्यांचा तो जुना कॅट अजून आहे. आठ आणि तेराची पानं कोरी करकरीत. प्रश्नचिन्हाच्या पानाच्या कडा मात्र झिजलेल्या.

परवा मीटिंग संपल्यावर टीममधला सगळ्यात धाकटा मुलगा चहाच्या मशीनपाशी भेटला. म्हटलं, त्या कामाला पाच कसे काय टाकलेस? तो इकडेतिकडे बघून म्हणाला, "खरं सांगू सर? मला ते काम कळलंच नव्हतं. पाच टाकले की कोणी काही विचारत नाही."