मेथांबा : थांबण्याची वेळ

पोलंडमध्ये फळे साखरपाण्यात, प्रसंगी लवंग-दालचिनीसह, शिजवून केलेल्या पेयाला ‘कोम्पोट’ म्हणतात. मराठी स्वयंपाकघरात या पदार्थाचे जवळचे नाते मुरांब्यापेक्षा मेथांब्याशी, म्हणजे मेथी, गूळ आणि कैरी यांच्या आंबट-गोड-कडू पदार्थाशी आहे. कारण मुरांबा वर्षभर टिकावा म्हणून पाक घट्ट करावा लागतो, तर मेथांबा ताजा खाण्यासाठी करतात आणि त्याचा रस सैलच ठेवतात.

दिल्लीत मे महिन्यात उत्तर प्रदेशातून येणारी, लोणच्यासाठी नावाजलेली रामकेला कैरी यासाठी चांगली ठरते. अर्धा किलो कैरीची साल काढून बोटाच्या पेराएवढ्या फोडी केल्या, की स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवून मोहरी तडतडवतात आणि आच कमी करून मगच चमचाभर मेथी घालतात. मेथीकडे या वेळी डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते : दाणा पिवळ्याचा तांबूस होऊन खमंग वास सुटला की लगेच हिंग, हळद आणि फोडी टाकायच्या, कारण तो काळपट झाला तर येणारा जळका कडूपणा कितीही गूळ घातला तरी झाकला जात नाही.

फोडी परतून, थोडे पाणी घालून, झाकणावरही पाणी ठेवून त्या वाफवतात, म्हणजे बुडाशी लागत नाहीत. फोड सुरीने सहज कापली जाईपर्यंत गूळ घालायचा नाही, हा नियम जुन्या गृहिणी काटेकोरपणे पाळतात आणि त्यामागे पक्के कारण आहे : गोडाचा दाट रस फोडीतील पाणी बाहेर ओढून घेतो, त्यामुळे अर्धकच्ची फोड आक्रसते आणि पुढे कितीही शिजवली तरी चिवटच राहते.

त्यानंतर कैरीच्या आंबटपणानुसार साडेतीनशे ते पाचशे ग्रॅम चिरलेला गूळ, तिखट आणि मीठ पडते. गूळ विरघळताच पातेल्यातले सारे पाण्यासारखे पातळ होते, आणि नवशिक्याची चूक नेमकी येथे होते. रस दाट दिसेपर्यंत तो आटवत राहतो, परंतु कैरीतील पेक्टिन, म्हणजे फळाच्या पेशी एकत्र धरणारा चिकट घटक, आणि मेथीतील डिंकासारखा अंश या दोहोंमुळे रस निवताना आपोआप दाटतो. आरंभीचे बारीक, फेसाळ बुडबुडे मोठे आणि संथ होऊन त्यांचा आवाज जड झाला, की रस अजून पळीवरून ओघळत असतानाच आच बंद करणे योग्य.

एवढ्या सैल रसात गोडाचे प्रमाण बुरशी रोखण्याइतके नसते, म्हणून दिल्लीच्या उन्हाळ्यात बरणी शीतकपाटातच ठेवावी लागते आणि चमचा कोरडा हवा. त्याच दिवशी चाखलेला मेथांबा काहीसा उथळ लागतो. दुसऱ्या दिवशी मात्र मेथीचे दाणे फुगून दाताखाली मऊ झालेले असतात आणि त्यांचा कडूपणा रसात उतरलेला असतो.